अलेक्झांड्रिया व अँटिऑक संप्रदाय

आरंभीच्या ख्रिस्ती धर्मशास्त्रातील दोन प्रमुख विचारपरंपरा. ईजिप्तमधील अलेक्झांड्रियात क्लेमेंट व त्याच्यामागून ऑरिजेन (सु. १८५–२५४) यांनी प्लेटोच्या तत्त्वज्ञानाच्या आधारे बायबलचा रूपकात्मक अर्थ लावला. तत्कालीन सिरियातील अँटिऑकचा भर शब्दार्थावर व इतिहासावर होता. ‘गीतरत्ना’तील वधू-वरांत ऑरिजेनला चर्च व ख्रिस्त दिसतात, अँटिऑकच्या थिओडोरला (मृ. ४२८) ते शलमोनाच्या विवाहाचेच काव्य वाटते.

हा मतभेद ग्रंथवाचनापुरता राहिला नाही. अलेक्झांड्रियाने ख्रिस्ताच्या दैवी-मानवी एकत्वाचा आग्रह धरला, तर अँटिऑकने त्याच्या पूर्ण मानवतेचा. मरियेला ‘देवमाता’ म्हणावे की नाही, यावरून अलेक्झांड्रियाचा बिशप सिरिल व अँटिऑक परंपरेतील कॉन्स्टँटिनोपलचा बिशप नेस्टोरियस यांच्यात संघर्ष पेटला आणि एफिससच्या धर्मपरिषदेने (४३१) नेस्टोरियसला पदच्युत केले. या वादाला धर्मपीठांच्या सत्तास्पर्धेचीही धार होती, हे नजरेआड करता येत नाही. कॅल्सेडनच्या परिषदेने (४५१) ‘एक व्यक्ती, दोन स्वभाव’ हे सूत्र मान्य केले. त्यात अँटिऑकच्या भूमिकेला मिळालेला न्याय मोलाचा आहे. कॉप्टिक व आर्मेनियन चर्चने हे सूत्र नाकारले. अँटिऑकची परंपरा इराणी साम्राज्यातील पूर्वेच्या चर्चने जपली. केरळच्या सेंट थॉमस ख्रिस्ती समाजाचे बिशप अनेक शतके तेथूनच येत.