डब्ल्यूडब्ल्यूईचा ‘एलएफजी’ शो काय आहे? आखाड्यातली कुस्ती आणि रिंगमधला फरक समजून घ्या

नागपूर : मोबाईलवर डब्ल्यूडब्ल्यूई पाहून त्या रिंगमध्ये उतरायचं स्वप्न गावोगावचे पोरं पाहतात. तिथले पैलवान कसे घडतात, हे ‘एलएफजी’ या रिअ‍ॅलिटी शोमध्ये दिसतं.

काय आहे शो?
अमेरिकेतील ‘ए अँड ई’ वाहिनीवर 16 फेब्रुवारी 2025 रोजी हा शो सुरू झाला. अंडरटेकर, बुकर टी, बब्बा रे डडली आणि मिकी जेम्स हे तेव्हा चार वस्ताद होते; प्रत्येकाचा वेगळा गट होता. पहिल्या पर्वात जॅस्पर ट्रॉय आणि टायरा मे स्टील विजेते ठरले. बक्षीस म्हणून ‘एनएक्सटी’चा करार मिळाला.

फरक काय?
आखाड्यात कोण चीतपट होणार, हे आधी ठरलेलं नसतं. रिंगमध्ये निकाल ठरलेला असतो, पण आपटणं खरं असतं. म्हणून आधी पडायलाच शिकवतात : हनुवटी छातीला, पाठ सपाट. समोरच्याला इजा होऊ न देणं आणि माईकवर बोलणंही शिकावं लागतं. हे डाव घरी किंवा शेतात करून पाहू नका; मान, मणका कायमचा जायबंदी होऊ शकतो.

आपल्याकडे काय?
पुण्यात चित्रित झालेला ‘रिंग का किंग’ 2012 मध्ये कलर्सवर आला होता. नागपुरात 2015 ची महाराष्ट्र केसरी झाली. ती जिंकणारे विजय चौधरी पुढे पोलीस उपअधीक्षक झाले.

तालीम सोडायची घाई नको. विजेती टायरासुद्धा आधी कुस्तीच खेळली. टोकियो ऑलिम्पिकमध्ये 68 किलो गटाचं सुवर्ण तिचंच.