शहराच्या नांवाचें मोल

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर संध्याकाळीं बसून मैदानाकडे पाहणाऱ्या माणसास एक प्रश्न सहसा सुचत नाहीं: समोर खेळणाऱ्या संघाचा मालक कोण? क्लबाला सभासद असतात, चिटणीस असतो, वर्गणी थकविणारेहि असतात, मालक नसतो. १९२५ सालीं महापालिकेनें लोकांस खुल्या करून दिलेल्या, आणि १९२७ सालीं शिवछत्रपतींचें नांव मिळालेल्या या मैदानावर विकत घेण्यासारखें कांहीं असेल, असें आम्हांस कधीं वाटलें नव्हतें. २४ जानेवारी २००८ रोजीं आमची ती समजूत खोटी ठरली.

त्या दिवशीं भारतीय क्रिकेट नियामक मंडळानें बंद निविदा मागवून इंडियन प्रीमियर लीगचे आठ संघ विकले. सर्वांत चढी बोली मुंबईवर लागली: ११ कोटी १९ लक्ष डॉलर, म्हणजे त्या वेळच्या भावानें सुमारें ४४० कोटी रुपये. रक्कम दहा वर्षांच्या हप्त्यांनीं द्यावयाची होती; घेणार रिलायन्स.

पण घेतलें काय? मैदान नव्हे, वानखेडे क्रीडांगण मुंबई क्रिकेट संघटनेचें होतें व तिचेंच राहिलें. खेळाडूहि नव्हेत, त्यांचा लिलाव पुढल्या महिन्यांत स्वतंत्र झाला. रणजी करंडकाची परंपराहि नव्हे. १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत ओळीनें पंधरा वेळां तो करंडक जिंकणाऱ्या मुंबईच्या संघास कोणी मालक नव्हता, आणि त्याची किंमत करण्याचें कोणाच्या मनांतहि आलें नव्हतें. तेव्हां खरेदी झाली ती एका नांवाची. या शहराच्या नांवानें संघ उभा करण्याचा हक्क, एवढीच ती वस्तु.

खेळाडूंना पोसणारे पूर्वींहि होते, हें येथें सांगितलें पाहिजे. १९४६ पर्यंत चाललेल्या पंचरंगी सामन्यांचे संघ धर्मवार जिमखान्यांचे. इंदुरास होळकरांचा संघ चार वेळां रणजी करंडक जिंकला, सी. के. नायडूंना होळकरांच्या फौजेंत कर्नलचा हुद्दा होता. संस्थान गेलें, मागोमाग संघहि गेला. नंतर आश्रयदाते झाल्या त्या कंपन्या आणि बँका. अजित वाडेकर स्टेट बँकेचे नोकर, रमाकांत आचरेकरहि तेथलेच. हे आश्रयदाते पदरचा पैसा घालीत. संघ विकून नफा करावा हा त्यांचा विचार नव्हता.

आचरेकर याच मैदानावर यष्टीवर रुपयाचें नाणें ठेवून लहानग्या सचिन तेंडुलकरास फलंदाजी करावयास लावीत. बाद झाला नाहीं तर नाणें मुलाचें. २००८ सालीं त्याच तेंडुलकरास लिलावांत न आणतां मुंबईकडे राखून ठेवण्यांत आलें, आणि संघांतील सर्वांत महाग खेळाडूहून पंधरा टक्के अधिक वेतन त्यास मिळावें असा नियम झाला. खेळाडूस त्याच्या गुणाचें मोल मिळालें याचें आम्हांस वाईट वाटत नाहीं. उमेदीचीं वर्षें मैदानावर घालवून उरलेला जन्म कचेरींत काढणारे गुणी लोक आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत.

त्यानंतर किंमती चढल्या त्या तिकिटांमुळें नव्हे, प्रक्षेपणामुळें. पहिल्या करारांत दहा वर्षांच्या प्रक्षेपणाचे १ अब्ज २ कोटी ६० लक्ष डॉलर ठरले होते, म्हणजे वर्षास सुमारें ४०० कोटी रुपये. २०१७ सालीं पांच वर्षांचे हक्क १६,३४७ कोटींस गेले. २०२२ सालीं पुढील पांच वर्षांसाठीं ४८,३९० कोटी मिळाले. वर्षाचा हिशेब साडेनऊ हजार कोटींच्या वर जातो. या पैशाचा मोठा वांटा संघमालकांकडे येतो. म्हणून २०२१ सालीं लखनौचा, अद्याप जन्मासहि न आलेला, संघ ७,०९० कोटींस विकला गेला.

पण हा चढ सर्वांस सारखा लाभला, असें नव्हे. आमच्या शेजारच्या पुण्याचेंच पहा. २०१० सालीं सहारानें पुण्यासाठीं ३७ कोटी डॉलर देऊं केले, मुंबईच्या तिपटीहून अधिक! तीन हंगाम होतात तोंच मंडळाशीं देण्याघेण्याचा तंटा विकोपास जाऊन २०१३ सालीं तो संघ उठला. २०१६ व २०१७ सालांपुरता दुसऱ्या मालकाचा संघ आला नि गेला. लखनौ घेणारा उद्योगसमूह तोच.

हॉकीची गोष्ट तर याहून उदास. २०१३ सालीं हॉकी इंडिया लीग निघाली तेव्हां मुंबईच्या नांवाचा संघ तींतहि होता. दोन हंगामांनंतर मालक बदलला, संघाचें नांवहि बदललें. २०१७ सालीं तो अंतिम सामन्यापर्यंत पोहोंचला, आणि पुढें कित्येक वर्षें लीगच भरली नाहीं. शहर तेंच, नांव तेंच. पण पडद्यावर पाहणारे थोडे, म्हणून मोलहि थोडें.

मुंबईच्या क्रिकेट संघाचा मालक मात्र बदलला नाहीं. उलट शहराच्या नांवाचींच दोन अक्षरें होऊन तीं परदेशीं गेलीं: केपटाऊन, न्यूयॉर्क आणि अमिराती येथील संघ ‘एमआय’ झाले. २०२५ सालीं लंडनच्या ओव्हल मैदानावरील संघाचा ४९ टक्के हिस्सा याच मालकानें सुमारें ६ कोटी पौंडांस घेतला. तेथें मात्र एक निराळी गोष्ट दिसते. उरलेले ५१ टक्के सरे या सभासदांच्या क्लबाकडेच राहिले. आणि इंग्लंडांत असे जे हिस्से विकले गेले, त्यांच्या रकमेचा दहावा भाग गांवोगांवच्या हौशी क्रिकेटसाठीं राखून ठेवण्याचें आधींच ठरलें होतें. लंडन या नांवांत तेथल्या मैदानांचाहि हक्क आहे, एवढें तेथें कोणास तरी सुचलें. आमच्या येथें नांवाची किंमत ठरली त्या दिवशीं शिवाजी पार्कास कोणी विचारल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

त्या दहाव्या हिश्श्याची बातमी वाचली त्या संध्याकाळीं आम्ही पार्कवरच होतों. एका क्लबाचा माळी खेळपट्टीवर पाणी शिंपडीत होता. पलीकडे दहा-बारा वर्षांचीं मुलें पाळीसाठीं भांडत होतीं. निम्म्यांच्या अंगांत निळे सदरे, आणि पाठीवर शहराचें नांव.