वाटाण्याचं रोप आणि कोर्टाची तारीख

खारघरहून आजचा एपिसोड. प्रश्न साधा आहे: गोष्ट थांबली, की सिनेमाही थांबतो का?

1912 साली दादासाहेब फाळक्यांनी कुंडीत लावलेल्या वाटाण्यासमोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभराहून जास्त काळ एकेक फ्रेम टिपली. पडद्यावर ते रोप बघता बघता वाढलं. ना राजा, ना राणी, ना भांडण. फिल्मचं नाव ‘अंकुराची वाढ’. ती पाहून पैसे लावणारा माणूस मिळाला आणि 3 मे 1913 ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. म्हणजे गोष्टीच्या सिनेमाला भांडवल मिळालं ते बिनगोष्टीच्या फिल्ममुळे!

फाळक्यांनी महिन्याभराचा काळ काही क्षणांत बसवला. शंभर वर्षांनी चैतन्य ताम्हाणेने ‘कोर्ट’मध्ये बरोबर उलटं केलं. हा सिनेमा 2014 मध्ये व्हेनिसला गाजला, मग त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

यात गोष्ट आहे, आणि पक्की आहे. लोकशाहीर नारायण कांबळेवर आरोप आहे, की त्याचं गाणं ऐकून एका सफाई कामगाराने गटारात उतरून जीव दिला. ही भूमिका वीरा साथीदारांनी केली. आता निकाल काय लागणार, म्हणून आपण सरसावून बसतो. आणि कॅमेरा सरळ सरकारी वकील बाईंच्या मागे निघतो! त्या लोकलने घरी जातात, स्वयंपाक करतात. सुट्टीच्या दिवशी कुटुंबासोबत नाटकाला जातात. तिथे परप्रांतीयांवरच्या विनोदांना अख्खं थिएटर हसतं. केस इंचभरही पुढे सरकत नाही. पण कोर्टात तावातावाने बोलणारी बाई रोज काय ऐकते, कशावर हसते, हे आपल्याला कळतं.

इथेच तोल साधलाय. नुसती केस दाखवली असती, तर वकीलबाई व्हिलन वाटल्या असत्या. नुसतं घर दाखवलं असतं, तर कांबळेचा विसर पडला असता.

शेवटी कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागते. दिवे बंद होतात, पडदा काळा होतो. संपला सिनेमा? नाही. पुढे न्यायाधीश सहलीला गेलेत, बाकावर बसून डुलक्या काढतायत.

मोबाईलवर बघताना नेमकं इथेच बोट फॉरवर्डकडे जातं. जाऊ देऊ नका. त्या सगळ्या सुट्टीत कांबळे आतच आहे.