संख्यानामांचा वाद आणि आपण मराठीचे शिक्षक

नेवासे तालुक्यातले घोडेगाव जनावरांच्या आणि कांद्याच्या बाजारासाठी ओळखले जाते. अहिल्यानगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाताना शनिशिंगणापूरचा फाटा फुटतो, ते हे गाव. या बाजारात घटकाभर उभे राहिले तरी मराठी संख्यानामांची श्रीमंती कानांवर पडते: सव्वाशे, पावणेदोन हजार, साडेअठराशे. त्याच तालुक्यात, नेवाशाला, शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. ग्रंथाच्या अखेरीस हा शक सांगताना आधी बाराशे येतात, त्यावरचे बारा मागाहून. मोठे आधी, धाकटे नंतर. हजार, शतक, दशक अशा उतरंडीने बोलणारी मराठी शंभराच्या आत आली की मात्र उलटी फिरते. पंचवीस म्हणताना पाच पुढे येतात आणि वीस मागे राहतात.

या उलट्या चालीची आठवण 2019 च्या जूनमध्ये महाराष्ट्राला एकदम झाली. बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या नव्या गणिताच्या पुस्तकात एकवीस ते नव्याण्णव या संख्यांचे वाचन 'वीस एक', 'वीस दोन' असेही दिले होते. गणित विषय समितीच्या अध्यक्ष होत्या गणितज्ञ डॉ. मंगला नारळीकर. ऐकलेली संख्या लिहिताना मुले अंकांची अदलाबदल करतात आणि जोडाक्षरांनी अडखळतात, हा त्यांचा मुद्दा होता. जुनी नावे रद्द केलेली नाहीत, दोन्ही पद्धती राहतील, असेही त्यांनी पुनःपुन्हा सांगितले. तरी गदारोळ व्हायचा तो झालाच. मुख्यमंत्र्यांच्या आडनावातल्या 'वीस'वर विधानसभेतही कोटी झाली. मराठीची हत्या वगैरे शब्द मुक्तपणे वापरले गेले, आणि ते वापरणाऱ्यांत आम्ही, म्हणजे मराठीचे अध्यापक, मागे नव्हतो. ही कबुली आधीच दिलेली बरी.

वास्तविक आम्हांला त्या वेळी भाषेचा इतिहास सांगता आला असता. बावीस, बत्तीस, बेचाळीस, ब्याऐंशी या चार शब्दांत 'दोन' कुठे आहे? संस्कृतातल्या 'द्वा'ची ती प्राकृतातून घासून आलेली रूपे. व्युत्पत्तीच्या तासाला ती मोहक वाटतात. सात वर्षांच्या मुलाला ती एकेक करून पाठच करावी लागतात. एकोणनव्वदनंतरच्या दशकाला एकोणशंभर मिळत नाही, नव्याण्णव मिळते. या अनियमिततेत शतकांचा भाषिक प्रवास साठलेला आहे, आणि मुलांची अडचणही तिच्यातच आहे. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, एवढेच म्हणायचे होते. आम्ही त्यांपैकी पहिलीच म्हणालो. कन्नड आणि तेलुगू या शेजारच्या भाषा दशक आधी घेतात, याकडेही त्या उत्साहात फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

संख्यानामे बदलत नाहीत, असेही नाही. नॉर्वेत 1951 मध्ये असाच बदल लागू झाला. एकक आधी म्हणण्याऐवजी दशक आधी म्हणावे, असे ठरले. टेलिफोनवर क्रमांक सांगताना होणारा गोंधळ हे त्यामागचे एक कारण. सत्तर वर्षे उलटली तरी जुनी पद्धत तिथल्या बोलण्यातून पुरती गेलेली नाही. आपल्याकडे पावकी, निमकी, दीडकी, औटकी ही एके काळी शाळेची रोजची घोकंपट्टी होती. 1 एप्रिल 1957 रोजी दशमान नाणी आली, पुढे मेट्रिक वजने-मापे आली, आणि आणे-शेरांच्या व्यवहाराबरोबर त्या पाढ्यांचे कामही संपले. सव्वा आणि दीड मात्र घोडेगावच्या बाजारात शाबूत आहेत. शाळेने सोडलेला शब्द बाजाराने धरून ठेवला.

मग 2019 च्या बदलाला आमचा आक्षेप उरतच नाही का? उरतो, पण तो भाषेचा नाही. पुस्तकाने पर्याय दिला. पर्याय निवडण्याची सवय असलेला शिक्षक आपल्या व्यवस्थेने घडवला होता काय, हा खरा प्रश्न. विषय समित्यांवर शाळेतले शिक्षकही असतात, हे खरे. परंतु समितीतला शिक्षक विचार करतो आणि वर्गातला शिक्षक अंमलबजावणी करतो, ही विभागणी आपल्या अंगवळणी पडली आहे. गणित शिकवणाऱ्या आमच्या एका परिचित प्राथमिक शिक्षिकेला आम्ही त्या वेळी विचारले, तुमचे मत काय? त्या म्हणाल्या, "सर, दोन्ही बरोबर आहेत हो. पण तपासणीला येणारे साहेब कोणतं विचारतील ते सांगा." थोड्या वेळाने त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. त्यांच्या वर्गात त्या कित्येक वर्षे 'वीस आणि एक, एकवीस' असे म्हणूनच शिकवत आल्या होत्या. हे आजवर कोणी विचारले नव्हते, म्हणून त्यांनीही कुठे सांगितले नव्हते. निवडणूक, जनगणना, माहितीचे तक्ते यांतून उरलेल्या वेळात जो शोध लागतो, त्याची नोंद ठेवायला आपल्या शाळेत रकाना नाही.

नारळीकर बाई 2023 च्या जुलैत गेल्या. 'गणितगप्पा'सारखी पुस्तके त्यांनी मुलांसाठी मराठीतच लिहिली होती. ज्यांच्यावर मराठीच्या हत्येचा ठपका आला, त्यांच्याविषयी हे लक्षात ठेवायला हवे होते.

त्या शिक्षिकेच्या प्रश्नावर आम्ही तेव्हा हसलो होतो. पुढे आमच्याच विषयाचा अभ्यासक्रम बदलला आणि बैठक बोलावली गेली. नेमलेल्या पुस्तकांची यादी वाटली गेली. कोणती कादंबरी का आली, कोणती का गेली, यावर कोणी बोलले नाही. पहिला हात वर झाला तो आमच्यातल्याच एकाचा, आणि प्रश्न होता: प्रश्नपत्रिकेचे स्वरूप काय राहील?