पात्रविरोध, मराठी चित्रपटातील

परस्परविरुद्ध स्वभावाची वा मूल्यांची पात्रे समोरासमोर ठेवून त्यांतील कोण बदलते व कोण अढळ राहते, यावर कथानक उभारण्याची रीती. ती चित्रपटाने नाटकाकडून घेतली. मराठीत तिला प्रौढ रूप आले, ते पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीच्या १९३६ ते १९४१ या काळातील चित्रपटांत.

दामले-फत्तेलाल दिग्दर्शित संत तुकाराम (१९३६) मध्ये दोन्ही पात्रे अढळ आहेत. तुकाराम (विष्णुपंत पागनीस) प्रपंचाकडे वळत नाही आणि जिजाई (गौरी) विठ्ठलापुढे नमत नाही. मूल आजारी पडताच ती पायताण घेऊन देवळात शिरते. तुकाराम वैकुंठास निघाला, तरी ती घरासाठी मागेच राहते.

व्ही. शांताराम यांचा कुंकू (१९३७) ना. ह. आपटे यांच्या न पटणारी गोष्ट या कादंबरीवर आधारलेला आहे. वृद्ध विधुर वकील काकासाहेब (केशवराव दाते) याच्याशी फसवून लग्न लावलेली नीरा (शांता आपटे) त्याच्या घरात राहते. परंतु पती म्हणून त्याला अखेरपर्यंत स्वीकारीत नाही. तिचा नकार स्थिर राहतो व त्याच्यापुढे काकासाहेबाचा अहंकार हळूहळू झिजतो. समाजकार्य करणारी त्याची मुलगी (शकुंतला परांजपे) नीरेची बाजू घेते. पार्श्वसंगीत वर्ज्य करून केवळ दृश्यातील ध्वनी वापरल्यामुळे घड्याळाची टिकटिकही या वृद्धाच्या उरलेल्या आयुष्याची मोजणी वाटते. अखेर नीरेला मुलगी मानून, तिने पुन्हा विवाह करावा असे पत्र मागे ठेवून तो आत्महत्या करतो.

हा शेवट भडक म्हणून नावे ठेवण्यात अर्थ नाही. हिंदू विधवेच्या पुनर्विवाहास १८५६ पासून कायद्याची संमती होती. घटस्फोट मात्र, काही जातींतील काडीमोडीची रूढी सोडल्यास, मुंबई प्रांतातील हिंदू स्त्रीला १९४७ च्या कायद्यापर्यंत मिळू शकत नव्हता. काकासाहेबाला पश्चात्ताप झाला, तरी जिवंतपणी नीरेला मोकळे करणे त्याच्या हाती नव्हते, आणि वकील असल्याने त्याला ते ठाऊक असणारच. पात्र बदलते, कायदा बदलत नाही. नीरेच्या वाट्याला येणारी मुक्तीही त्यामुळे वैधव्याच्या वाटेनेच येते.

माणूस (१९३९) मध्ये वेश्याव्यवसायातून बाहेर पडू पाहणारी मैना (शांता हुबळीकर) बदलण्यास सिद्ध होते, पण समाज तिला बदलू देत नाही. पोलीस शिपाई गणपत (शाहू मोडक) तिला कोठडीतून सोडवू पाहतो. ती जाण्यास नकार देते. या नकारातच ती त्याच्याहून खंबीर ठरते.

शेजारी (१९४१) मध्ये जिवबा (केशवराव दाते) व मिर्झा (गजानन जागीरदार) हे जिवलग मित्र धरणाच्या वादातून वैरी बनतात आणि मृत्यूच्या क्षणी पुन्हा एकत्र येतात. येथे विरोध स्वभावाचा नसून बाहेरून लादलेला आहे. म्हणून तो ओसरताच दोघेही मूळ पदावर येतात. पडोसी या हिंदी आवृत्तीत मिर्झाची भूमिका जागीरदारांकडेच राहिली व त्याच्या हिंदू मित्राची भूमिका मजहर खान यांनी केली.