‘मंडळ’

‘मंडळ’ म्हणजे अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ असून, अंबादासपंत आणि अनंत या वैद्य बंधूंनी १९१४ साली सुरू केलेल्या आखाड्यातून ही संस्था वाढली. क्रांतिकारक शिवराम हरी राजगुरू यांनीही काही काळ तेथे व्यायामाचे शिक्षण घेतले. १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने हुतूतू, म्हणजे चढाई करणाऱ्याने दम न सोडता प्रतिपक्षाच्या हद्दीत शिरून गडी बाद करण्याचा खेळ, आणि मल्लखांब, म्हणजे वर निमुळत्या होत जाणाऱ्या, एरंडेल चोपडलेल्या लाकडी खांबावर अंगाची पकड बसवून करावयाच्या कसरती, यांची प्रात्यक्षिके दाखवली; वऱ्हाडातल्या मातीतले खेळ युरोपसमोर मांडण्याचे हे धाडस आजही पुरेसे सांगितले जात नाही.

त्याच १९१४ साली बल्गेरियाच्या सोफिया शहरात शाळकरी मुलांनी ‘लेव्स्की’ हा फुटबॉल क्लब काढला आणि तुर्की सत्तेविरुद्ध लढून १८७३ मध्ये फासावर गेलेल्या वासिल लेव्स्की या क्रांतिकारकाचे नाव त्याला दिले. साम्यवादी राजवटीने १९४९ मध्ये ते बदलून ‘दिनामो’ केले, पण १९५७ मध्ये जुने नाव परत मिळाले. मंडळ मात्र प्रारंभापासून हनुमानाचेच नाव लावत आले असून, स्पर्धा जिंकण्यापेक्षा व्यायामशिक्षक घडवून गावोगाव पाठवणे हे त्याचे मुख्य कार्य राहिले.