भाडेकरारातलं 'फ्रॉम विच' आणि 'मे': दोन छोटे शब्द कसे वाचायचे?

जून आला की कोथरूडमध्ये घर शोधणाऱ्यांची गर्दी वाढते. कॉलेजात प्रवेश घेतलेली मुलं, नवी नोकरी लागलेले तरुण, बदली होऊन आलेली कुटुंबं. वनाज, आनंदनगर, आयडियल कॉलनी, नळ स्टॉप यापैकी एखाद्या मेट्रो स्टेशनजवळ फ्लॅट मिळाला की पुढची पायरी 'लिव्ह अँड लायसन्स' कराराची. भाडं आणि डिपॉझिट आपण मराठीत घासाघीस करून ठरवतो. सही मात्र बऱ्याचदा इंग्रजी कागदावर करतो.

त्या कागदावर अशा धाटणीची वाक्यं असतात (ही उदाहरणं समजण्यासाठी तयार केली आहेत):

• द डिपॉझिट फ्रॉम विच द लायसन्सर मे डिडक्ट अनपेड बिल्स
• द डेट बाय विच द लायसन्सी शॅल व्हेकेट द फ्लॅट
• द पर्पज फॉर विच द फ्लॅट मे बी यूज्ड

लायसन्सर म्हणजे घरमालक, लायसन्सी म्हणजे भाडेकरू. या वाक्यांत नजर 'डिपॉझिट', 'डेट' अशा मोठ्या शब्दांवर जाते. खरा अर्थ मात्र दोन छोट्या शब्दांत असतो: 'विच'च्या आधीचा आणि कर्त्याच्या नंतरचा.

मराठीत हे अवघड का वाटतं?

कारण मराठीत हे सगळं एका शब्दात भागतं. 'भाडं भरायची तारीख' असं आपण सहज म्हणतो. पण या तारखेला भरायचं, की या तारखेपर्यंत? भरावंच लागेल, की भरलं तर चालेल? 'भरायची' हा शब्द यातलं काहीच स्पष्ट सांगत नाही. बोलताना संदर्भावरून कळतं, म्हणून अडत नाही.

इंग्रजी करारात हे दोन प्रश्न दोन वेगळ्या शब्दांवर सोपवलेले असतात. नातं कोणतं, हे 'ऑन', 'बाय', 'फ्रॉम', 'फॉर' यांसारखी शब्दयोगी अव्ययं सांगतात. सक्ती की मुभा, हे 'शॅल', 'मस्ट', 'मे', 'कॅन' ही साहाय्यकारी क्रियापदं सांगतात.

मराठीत याच्या जवळची रचना 'जो-तो'ची आहे. 'ज्या तारखेपर्यंत भाडेकरूने घर सोडलंच पाहिजे, ती तारीख.' इथे 'पर्यंत' म्हणजे 'बाय', आणि 'पाहिजे' म्हणजे 'शॅल'. फरक जागेचा आहे. मराठीत 'पर्यंत' नामाच्या मागे लागतं, इंग्रजीत 'बाय' हे 'विच'च्या पुढे उभं राहतं.

रचना कशी ओळखायची?

क्रम ठरलेला आहे: नाम, अव्यय, 'विच' किंवा 'हूम', कर्ता, साहाय्यकारी क्रियापद आणि शेवटी मूळ क्रियापद.

वस्तूसाठी 'विच', माणसासाठी 'हूम'. अव्यय पुढे आणलं की त्याच्यानंतर 'दॅट' चालत नाही. 'द फ्लॅट इन दॅट' चुकीचं, 'द फ्लॅट इन विच' बरोबर. बोलताना मात्र अव्यय शेवटी ढकलतात: 'द फ्लॅट दॅट यू कॅन लिव्ह इन.' दोन्ही बरोबर आहेत. पहिली रचना कागदावरची, दुसरी कट्ट्यावरची.

'मे' आणि 'शॅल' यांतला फरक

करारात 'मे' म्हणजे मुभा. मालक डिपॉझिटमधून बिल वळतं करू शकतो, पण तसं करायलाच हवं असं नाही. 'शॅल' म्हणजे सर्वसाधारणपणे बंधन. 'शॅल नॉट' म्हणजे मनाई. 'मे नॉट' दिसलं तर 'कदाचित नाही' असं वाचू नका. तिथे बहुतेकदा 'परवानगी नाही' असा अर्थ असतो. वाद कोर्टात गेला तर न्यायालय संपूर्ण संदर्भ पाहून अर्थ लावतं, हेही लक्षात असू द्या.

आता थोडं अवघड वाक्य घेऊ: 'द अकाउंट इनटू विच द लायसन्सी शॅल पे द फी मे बी चेंज्ड बाय द लायसन्सर.' इथे साहाय्यकारी क्रियापदं दोन आहेत. 'शॅल' आतल्या वाक्यातलं: भाडेकरूने त्या खात्यात पैसे भरलेच पाहिजेत. 'मे' बाहेरच्या वाक्यातलं: मालक ते खातं बदलू शकतो. बंधन एकाला, मुभा दुसऱ्याला. 'इनटू'पासून 'फी'पर्यंतचा भाग बोटाने झाकून वाचला की बाहेरचं वाक्य उघडं पडतं.

लिहिताना होणाऱ्या चुका

• अव्यय दोनदा: 'द फ्लॅट इन विच यू कॅन लिव्ह इन.' एक 'इन' काढा.
• अव्यय गायब: 'द चेअर विच यू कॅन सिट.' खुर्चीवर बसायचं आहे, म्हणून 'ऑन विच' हवं.
• जास्तीचा 'टू': 'इन विच यू कॅन टू लिव्ह.' 'कॅन', 'मे', 'मस्ट', 'शॅल' यांच्यानंतर थेट मूळ क्रियापद येतं.

'टू'ची एक वेगळी रचना मात्र बरोबर आहे: 'अ प्लेस इन विच टू लिव्ह', म्हणजे 'राहायला जागा'. इथे कर्ता नाही आणि 'कॅन'ही नाही, तरी 'राहता येईल अशी' हा अर्थ येतो. आपल्या 'राहायला'सारखंच हे काम करतं.

शंका आली तर वाक्य तोडा. 'यू मस्ट पे द रेंट इनटू धिस अकाउंट' असं साधं वाक्य आधी लिहा. त्यातलं 'इनटू' उचलून 'विच'च्या आधी ठेवा: 'द अकाउंट इनटू विच यू मस्ट पे द रेंट.'

एवढी काळजी कशासाठी?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 मधील कलम 55 नुसार असा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची असते. कलम 24 नुसार मुदत संपल्यावरही घर सोडलं नाही, तर ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागू शकते. म्हणजे 'द डेट बाय विच... शॅल व्हेकेट' ही ओळ थेट खिशाला भिडते.

करार मराठीतही करता येतो, तशी मागणी करायला हरकत नाही. कागद इंग्रजीच असेल तर सहीआधी पेन्सिल घ्या. प्रत्येक 'विच'च्या आधीच्या शब्दाखाली एक रेघ मारा, पुढच्या 'मे' किंवा 'शॅल'खाली दुसरी. मग प्रत्येक ओळ 'ज्या...' ने सुरू करून मराठीत मोठ्याने म्हणा. जी ओळ अशी म्हणता येणार नाही, तिचा अर्थ आधी विचारा. सही नंतर करा.